कर्ज घराच्या नावावर

शुक्रवारी डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांना सुट्टी असते. हवेतला वास जरा कमी होतो, आणि विजेची दुरुस्तीही बहुतेक याच दिवशी निघते. निवासी विभागातल्या आमच्या गल्लीत पंखे थांबले की माणसं आपोआप बाहेर येतात. पलीकडच्या काकू तर कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून उभ्याच असतात. सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कर्जखात्यात झालेली. त्यामुळे कुणी काय विकत घेतलं यापेक्षा कुणी काय हप्त्यावर घेतलं, यात त्यांना जास्त रस.

"अगं, ठाण्याला ताईच्या सोसायटीत भांडण झालं, कळलं का?"

"पार्किंगवरून?"

"पार्किंगवरून रोजच होतं, त्याला भांडण म्हणत नाहीत. हे गच्चीवरून झालं."

काकूंची लेक घोडबंदर रोडला राहते. दोन विंग, १६० फ्लॅट आणि त्यात ताई सेक्रेटरी. माहेरी असताना स्वतःचा कप विसळायला जिला दहा वेळा सांगावं लागायचं, तिच्या हाती आता दोन लिफ्ट, तीन पंप आणि एक सर्वसाधारण सभा.

"गच्चीवर सोलर लावायचं काढलंय," काकू म्हणाल्या. "४० किलोवॉटचं. जिना, लिफ्ट, पंप, सगळं त्यावर. किलोवॉटला ५० हजार धरले तर २० लाख. सोसायट्यांना केंद्राच्या सूर्यघर योजनेतून किलोवॉटमागं १८ हजार मिळतात, म्हणजे सात लाख वीस हजार तिकडून. राहिले बारा लाख ऐंशी हजार. भागिले १६०."

मी मनात आकडेमोड करेपर्यंत त्यांचं झालं होतं.

"फ्लॅटमागं आठ हजार! एवढ्याशा पैशांवरून दोन तास सभा चालली आणि शेवटी तहकूब."

"वीज किती वाचेल पण?"

"किलोवॉटला दिवसाला चार युनिट धर. महिन्याला ४,८०० युनिट. युनिटला आठ रुपयेच लाव, तरी ३८ हजारांच्या वर. वर्षाचे साडेचार लाख. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. बँकेत असते तर असं प्रकरण मी डोळे मिटून मंजूर केलं असतं."

"मग अडलं कुठं?"

"एक गृहस्थ उठले. म्हणाले, मी पुढच्या वर्षी फ्लॅट विकतोय. आठ हजार मी भरायचे आणि फायदा नव्या मालकानं घ्यायचा, हा कुठला न्याय? दुसरे उठले. ते राहतात पुण्याला, इथला फ्लॅट भाड्यानं दिलाय. तिसऱ्या आजी. म्हणाल्या, माझं वय ७८, मी कशाला पंचवीस वर्षांचं पॅनल घेऊ?"

"स्वार्थी असतात लोक."

"स्वार्थी कशाला?" काकूंनी मलाच झापलं. "तिघांचंही बरोबर आहे. ज्याच्या पदरात काही पडणार नाही, तो सही करत नाही. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू घ्यायची आणि पैसे मागायचे आज तिथं राहणाऱ्या माणसाकडं! कर्ज चुकीच्या नावावर मागतायत, म्हणून भांडण."

इतक्यात वहिनी आल्या. हातात कोथिंबीर, म्हणजे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडची बातमी सांगून झाली होती आणि इथली घ्यायची होती. विषय कळल्यावर म्हणाल्या, "हे तर आमच्या दादाच्या तिकडचं झालं. तिकडं हप्ता घरपट्टीत येतो."

वहिनींचे दादा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतात. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आधी दादाच्या तिकडं झालेली असते. या वेळी मात्र खरंच झालेली होती.

"दादाच्या गावाहून तासाभरावर बर्कली आहे," वहिनी सांगू लागल्या. "तिथल्या महापौरांच्या कार्यालयात सिस्को डेव्हरीज नावाचे अधिकारी होते. त्यांनी युक्ती काढली. सोलर लावायला पैसे नगरपालिका उभे करणार, घरमालकाला देणार आणि वीस वर्षांत घरपट्टीतून थोडे थोडे परत घेणार. २००८ मध्ये सुरू केलं. घर विकलं तर जुना मालक मोकळा, उरलेले हप्ते नवा भरतो. कारण पॅनल त्याच्या डोक्यावर आणि विजेची बचतही त्याचीच."

काकू भिंतीवरून जवळजवळ इकडं आल्या. "म्हणजे कर्ज माणसाच्या नावावर नाहीच! घराच्या नावावर!"

"हो ना. त्याच वर्षी राज्याचा कायदा झाला आणि मग बऱ्याच गावांनी उचललं. फक्त सोलर नाही. नव्या खिडक्या, छताला उष्णतारोधक थर, चांगल्या प्रतीची वातानुकूलन यंत्रं, विजेचं बिल उतरवणारं सगळं."

"अगं, मग ताईच्या तिन्ही माणसांचा प्रश्न सुटला," काकू बोटं मोजू लागल्या. "विकणारा सुटला. पुण्याला राहणारा सुटला, कारण हप्ता आणि वाचलेला मेंटेनन्स एकाच घरात. आजी सुटल्या."

"तुमचा बर्कलीवाला सुटला असेल, पण बँक सोडेल का?"

हा आवाज काकांचा. काका वीज मंडळातून निवृत्त झाले. मंडळाचं महावितरण होऊन कितीतरी वर्षं झाली, पण काकांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च. ते आतून वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घेत बाहेर आले.

"बँकेचं मी सांगते," काकू म्हणाल्या. "महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, कलम १४१. घरपट्टी हा मालमत्तेवरचा पहिला बोजा. फक्त सरकारचा जमीन महसूल तिच्या आधी. पंगतीत पहिलं पान महसुलाचं, दुसरं घरपट्टीचं आणि गृहकर्जवाली बँक त्यानंतर. घराचा लिलाव झाला तर महापालिका आधी जेवून उठणार. म्हणून तर हा हप्ता घरपट्टीत बसवायला धंदेवाईक माणूस पैसे द्यायला तयार होतो. बुडणार नाही याची खात्री."

"आणि म्हणूनच बँक तयार होत नाही," काका म्हणाले. "तिच्या पुढं अजून एक पान मांडलं तर ती गप्प बसेल?"

"नाही बसली," वहिनी म्हणाल्या. "दादा सांगत होता, २०१० च्या जुलैत तिकडच्या गृहकर्जांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेनं हरकत घेतली. हा बोजा आमच्या कर्जाच्या पुढं येतो, चालणार नाही. झालं, घरांसाठीच्या योजना बहुतेक ठिकाणी थंडावल्या. पुढं काही ठिकाणी पुन्हा सुरू झाल्या, पण मग दुसराच घोळ. ठेकेदार दारोदार फिरायला लागले. म्हाताऱ्या माणसाला दारातच टॅबलेटवर सही करायला लावायची. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, सरकारी योजना आहे, फुकट असेल. घरपट्टीचं बिल आलं की डोळे पांढरे! पेन्शनीत कुठं बसतं ते? लॉस एंजेलिस काउंटीनं तर २०२० मध्ये घरांसाठीची योजनाच बंद केली."

"बघ!" काका विजयी मुद्रेनं म्हणाले.

"काय बघ?" काकूंनी त्यांना तिथंच थोपवलं. "योजना वाईट नव्हती, दारात उभ्या असलेल्या माणसावर कुणाचं लक्ष नव्हतं. सही घेणाऱ्याला कमिशन आणि फेडणाऱ्याच्या मिळकतीची चौकशीच नाही. असं कर्ज माझ्या टेबलावर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

पंखे अजून बंदच होते. वहिनींनी कोथिंबीर भिंतीवर ठेवली, म्हणजे आता त्या लवकर जाणार नव्हत्या.

"पण काका," मी म्हटलं, "आपल्या महापालिकांनी अशातलं काहीच केलं नाही का?"

काकांना नेमका हाच प्रश्न हवा होता. "केलं नाही कसं? २००८ साली केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा खात्यानं सौर शहरं निवडायला घेतली. देशात ६० शहरं. महाराष्ट्रातनं नागपूर आदर्श म्हणून, आणि ठाणे, कल्याण-डोंबिवली, औरंगाबाद, नांदेड, शिर्डी. पाच वर्षांत पारंपरिक विजेची मागणी किमान १० टक्क्यांनी उतरवायची आणि त्याचा आराखडा करायला प्रत्येक शहराला ५० लाखांपर्यंत मदत. आपण दोन्ही शेजारी त्या यादीत होतो."

"आणि ते गरम पाण्याचे सोलर?"

"तेही. नव्या इमारतीला सोलर वॉटर हीटर सक्तीचा केला, दोन्हीकडं. ठाणे, नागपूर, अमरावती या महापालिकांनी हीटर वापरणाऱ्याला घरपट्टीत सहा ते दहा टक्के सूटही ठेवली. म्हणजे घरपट्टीतून उत्तेजन द्यायची कल्पना आपल्याला परकी नाही."

"मग गच्च्यांवर त्या टाक्या गंजलेल्या का दिसतात?" वहिनींनी विचारलं.

"कारण सक्ती टाकी बसवण्याची होती, पाणी गरम करण्याची नव्हती," काकू म्हणाल्या. "बिल्डरला भोगवटा दाखला हवा असतो. टाकी चढवली, फोटो काढला, दाखला मिळाला. नंतर बोअरचं पाणी, नळ्यांत क्षार बसतात. खालच्या मजल्यापर्यंत गरम पाणी पोचेस्तोवर अर्धी बादली गार पाणी वाया. दुरुस्तीला पैसे काढायचे म्हटलं की सभेत पुन्हा तेच तिघं उठणार. ज्यानं बसवलं त्याला वापरायचं नव्हतं आणि ज्याला वापरायचं होतं त्यानं निवडलं नव्हतं."

काका जरा चुळबुळले. आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की काकांच्या गच्चीवरची टाकी हल्ली कबुतरांच्या उपयोगाची आहे.

"माझी बदली अकोल्याला झाली होती," त्यांनी विषय सफाईनं वळवला. "तिथल्या महापालिकेनं २००७ मध्ये एक काम फार छान केलं. रस्त्यावरचे साडेअकरा हजार दिवे बदलायचे होते, तिजोरीत पैसा नव्हता. एका कंपनीला सांगितलं, तुझ्या पैशानं बदल. वीज जेवढी वाचेल, तपासून खात्री झाली की वाचलेल्या रकमेतले ९५ टक्के तुला, सहा वर्षं. विजेचा वापर ५६ टक्क्यांनी उतरला. कंपनीचे पैसे वर्षभराच्या आत निघाले. जागतिक बँकेनं त्याचा अभ्यास करून इतर शहरांपुढं ठेवला."

"अकोला करतं ते आपण का नाही?" मी विचारलं.

"रस्त्याचा दिवा महापालिकेचा. त्याचा मालक एक, बिल एक, वाचवणारा तोच. ताईच्या गच्चीचे मालक १६०."

काकांचा हा मुद्दा काकूंना पटला, आणि तो पटल्याचं त्यांना फारसं आवडलं नाही. त्यांनी त्यातूनच वाट काढली. "तुमचं म्हणणं असं की अमेरिकेत घर म्हणजे एक माणूस, एक छप्पर, एक घरपट्टी. आपल्या गल्लीत तसं आहे. पण फडके रोडला, ठाण्याच्या नौपाड्यात, घोडबंदरला तसं नाही. घरपट्टी फ्लॅटला येते आणि छप्पर सोसायटीचं असतं. मग कर्जही सोसायटीच्याच नावावर हवं! तिच्याकडं वसुलीचा हक्क आहे. मेंटेनन्स थकवला तर सहकार कायद्यातल्या १५४ ब-२९ कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो, थेट जप्तीपर्यंत जातं. फ्लॅट विकला की नव्या मालकाचं नाव लावायला सोसायटीकडंच यावं लागतं, तेव्हा थकलेलं सगळं चुकतं करावं लागतं. पुढचे हप्ते नव्या मालकाच्या मेंटेनन्समध्ये. म्हणजे बर्कलीवाल्यानं कायदा करून जे मिळवलं, त्यातलं अर्धं आपल्याकडं आधीपासून आहे."

"पण सोसायटीला कर्ज देणार कोण?"

"मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं स्वयंपुनर्विकासासाठी सोसायट्यांना कर्ज दिलंच की. अख्खी इमारत बांधायला देतात, तर पंप बदलायला का देणार नाहीत?"

पंप म्हटल्यावर काकांना चेव आला. "खरं तर आधी पंपच बघायला हवेत. गच्चीवरची पॅनलं सगळ्यांना दिसतात, फोटो येतात. तळघरातला जुना साडेसात एचपीचा पंप कुणाला दिसत नाही. म्हणजे साडेपाच किलोवॉट. दिवसाला चार तास चालला तर २२ युनिट. त्याचं कार्यमान घसरलेलं असेल तर तेवढंच पाणी चढवायला तो पाच-सहा तास घेतो. घरातलं पण तेच. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी ३० वॉटच्या आसपास. पाच पंखे, दिवसाला बारा तास, महिन्याला ८० युनिट वाचतात. महावितरणचा ३०० च्या वरच्या युनिटांचा दर चढा आहे, वाचतात ती आधी तिथलीच युनिटं. आधी गळती बंद करा, मग पॅनलं लावा. म्हणजे ४० किलोवॉटच्या जागी तिसात भागेल."

"हे तुम्ही ताईला सांगितलंत का?"

"ती माझं ऐकते होय!"

वहिनींना मात्र एक शंका होती, आणि ती खरी होती. "पण काकू, आमच्या नणंदेची रामनगरातली इमारत पुनर्विकासाला जायचीय. अशा इमारतीवर वीस वर्षांचं कर्ज काढलं आणि पाच वर्षांत इमारतच पडली तर?"

"म्हणूनच मुदत आंधळेपणानं वीस वर्षं धरायची नाही. पंपाचं कर्ज तीन वर्षं, पॅनलचं पाच-सात. पुनर्विकासाचा ठराव झालेल्या इमारतीला द्यायचंच नाही. पॅनलं तरी सोडवून नव्या गच्चीवर नेता येतात, भिंतीचा रंग नाही नेता येत. ठाण्यात किसननगरसारखे समूह विकासात गेलेले भाग आहेत, तिथं हे कर्ज कशाला? आणि परवानग्यांचं काय? आपल्याकडं खोट्या कागदांवर रेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. घरपट्टी तर बेकायदा इमारतीलाही लागते. म्हणजे घरपट्टीचं बिल आहे एवढ्यावर कर्ज देणारा फसलाच."

"म्हणजे महापालिकेचं कामच काय उरलं यात?" काका म्हणाले. "पैसे नाहीत तिच्याकडं. आणि बिलात नवी ओळ घालायला अधिकार नाही. कायद्यात नसलेलं काही आकारायचं तर मंत्रालयात जावं लागणार."

"बिलात ओळी कमी आहेत का? सामान्य कर, वृक्ष उपकर, शिक्षण कर, रोजगार हमी उपकर. त्यातले शिक्षण आणि रोजगार हमी तर राज्य सरकारचे. महापालिका फक्त गोळा करून देते. दुसऱ्यासाठी वसुली करायची सवय तिला आहेच. पुढंमागं मंत्रालयानं मनावर घेतलं तर तीही ओळ येईल. तोवर थांबायचं कशाला?"

मलाही माहेरची आठवण झाली. माझं माहेर इंदूरचं. "आमच्याकडं महापालिकेनं २०२३ मध्ये हरित रोखे काढले होते, २४४ कोटींचे. जलूदला सौर प्रकल्प उभारायला. नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवायचं विजेचं बिल उतरवायचं म्हणून. लोकांनी घेतले की रोखे."

"बघा, आमची सून मुद्द्याचं बोलली," काकूंनी मला एका दमात सून करून टाकलं. "पण इंदूरच्या महापालिकेचं स्वतःचं बिल होतं. आपल्याला महापालिकेकडून पैसे नकोत. तिचा शब्द हवा. ठेकेदारांची तपासलेली यादी तिनं करावी, म्हणजे दारात टॅबलेट घेऊन कुणीही उभा राहणार नाही. काम झाल्यावर तिच्या विद्युत विभागाच्या अभियंत्यानं येऊन बघावं, पंप खरंच नवा आहे का, मीटर उलटं-सुलटं बरोबर मोजतंय का. आणि वाचलेली वीज सिद्ध झाली की घरपट्टीतली सूट आपोआप बिलात यावी, अर्ज-फेऱ्या न करता. टाकीच्या फोटोवर सूट नाही, वीज वाचली तर सूट. बँकेला आणखी काय हवं असतं? कर्ज घेणारा कोण, काम झालं का आणि बचत खरी का. या तिन्ही गोष्टींवर महापालिकेचा शिक्का असला तर व्याज खाली येतं. मी सांगते ना, पाऊण टक्का तरी."

"महापालिका का करेल हे? तिला काय मिळणार?" काका हट्टालाच पेटले होते. "कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून नगरसेवक नव्हते, ठाण्यात २०२२ पासून नव्हते, कितीतरी वर्षं प्रशासकच. ठराव मांडायला माणूस लागतो आणि माणसाला कारण लागतं. नगरसेवकाला दिसणारं काम हवं. पेव्हर ब्लॉक दिसतो. तळघरातला पंप दिसत नाही, तूच आत्ता ऐकलंस."

यावर काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की काहीतरी निघतं, हे गल्लीला माहीत आहे.

"वसुली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आयुक्ताला, मग तो कुणीही असो, रात्री झोप कशानं येत नाही? घरपट्टीच्या थकबाकीनं. मार्च आला की नळ तोडा, सील लावा, ढोल वाजवा. मग आपण त्यालाच सांगायचं: ज्या सोसायटीच्या प्रत्येक फ्लॅटची घरपट्टी भरलेली आहे, थकबाकी शून्य, तिलाच ही योजना. एकाची जरी राहिली तरी अख्ख्या सोसायटीचा अर्ज परत. मग काय होईल? जो माणूस महापालिकेच्या नोटिशीला घाबरत नाही, तो लिफ्टमध्ये भेटणाऱ्या १५९ शेजाऱ्यांना घाबरेल. वसुलीला एकही कर्मचारी न नेमता पैसे येतील. नगरसेवकालाही हे आवडेल, कारण दंड त्याला लावावा लागत नाही आणि सभेत पेढे वाटायला बोलावणं मात्र येतं. पर्यावरण, हवामान, कार्बन हे सगळं आपण मागच्या पानावर लिहू. पहिल्या पानावर फक्त वसुली."

वहिनींनी कोथिंबीर उचलली आणि परत ठेवली. मला तर टाळी द्यावीशी वाटली. महापालिकेकडं हात पसरून जाणारे आपण सगळे, आणि काकू तिलाच काहीतरी द्यायला निघाल्या होत्या.

"पण त्यासाठी एक गोष्ट बंद व्हायला हवी," काकू पुढं म्हणाल्या. "अभय योजना. दरवर्षी कुणीतरी उठतं आणि थकबाकीवरचं व्याज माफ करतं. नियमानं भरणारा मूर्ख आणि थांबणारा शहाणा. उद्या विजेचा हप्ता घरपट्टीत आला आणि तिथंही अभय मिळालं, तर कुठली बँक पुन्हा दारात येईल? पहिला बोजा, कलम १४१, सगळं कागदावर राहील. लोकांना माहीत असेल की थांबलं की माफ होतं. त्या बर्कलीवाल्याच्या गावात हे चाललं, कारण तिथं घरपट्टी म्हणजे घरपट्टी असते."

काका एकदम उन्हाकडं बघायला लागले. "पाणी आलं वाटतं, मोटर लावतो," असं म्हणून वळले. वीज नव्हती, हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

काकूंचा मात्र अर्जाचा मसुदा सुरू झाला होता. "आपण आपल्या गल्लीपासून सुरू करू. इथं प्रत्येकाचं छप्पर स्वतंत्र, बर्कलीसारखंच. पाणी एमआयडीसीचं असलं तरी घरपट्टी महापालिकेची आहे. २७ गावं २०१५ मध्ये पालिकेत आली तेव्हापासून. तीन किलोवॉटला ७८ हजार केंद्राकडून मिळतात, उरलेल्याचं कर्ज. बारा घरं एकत्र गेली तर ठेकेदारही भाव उतरवतो. प्रभाग कार्यालयात पत्र द्यायचं, सगळ्यांच्या सह्यांचं. पहिली सही ह्यांची घेऊ, बोर्डातला माणूस म्हणून वजन पडतं. पत्रासोबत सगळ्यांच्या घरपट्टीच्या पावत्या जोडायच्या. शून्य थकबाकी, म्हणजे बोलायला तोंड राहतं."

"माझी आजच काढते," वहिनी म्हणाल्या. "दादाच्या नावावरचं घर आहे, पण भरतो आम्हीच."

"माझीही आहे," मी म्हटलं.

"आमची ह्यांच्या फाइलीत असते. अहो! घरपट्टीच्या पावत्या द्या जरा बाहेर. या वर्षीची आणि मागच्या वर्षीची."

आतून काहीच आवाज आला नाही. पंखे सुरू झाले, टीव्ही लागला, समोरच्या घरातल्या मिक्सरनं अर्धवट राहिलेली चटणी पुन्हा वाटायला घेतली. काका काही बाहेर येईनात. काकूंनी दुसरी हाक दिली, ती ठाण्यापर्यंत गेली असेल.

काका दारात आले. हातात पावती नव्हती, बिलं होती. दोन.

"अगं, ते म्हणजे," काका म्हणाले, "मागच्या महिन्यात त्या रिक्षा स्टँडवर कुणीतरी सांगत होतं की मार्चच्या आत अभय योजना येणार आहे. मग म्हटलं, उगाच घाई कशाला..."

वहिनींनी कोथिंबीर उचलली आणि या वेळी खरंच निघाल्या. अशा वेळी शेजाऱ्यानं थांबू नये, एवढी रीत आमच्या गल्लीत पाळतात. मी मात्र झाडाला पाणी घालायचं निमित्त करून थांबले.

काकूंनी दोन्ही बिलं हातात घेतली, व्याजाचा रकाना बोटानं खालपर्यंत मोजत नेला आणि कर्जखात्यातल्या आवाजात म्हणाल्या, "नागरी सुविधा केंद्र दुपारपर्यंत उघडं असतं. पहिली सही आता माझी. तुमची सगळ्यात खाली, पावती क्रमांकासकट."